जेवल्यावर भोवळ येते? आधी मोजा, मग पाणी, मग ताट

भोवळ आली की घरोघरी ठरलेला उपचार एकच: लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, वर काहीतरी गोड आणि "सकाळपासून पोटात काही नसेल" हा शेरा. कधी तो बरोबरही निघतो. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या बऱ्याच माणसांची गडबड भरल्या पोटी होते. नाश्त्याला शिरा आणि गोड चहा झाला, पाऊण तासाने उठून अंघोळीला निघाले आणि न्हाणीघराच्या दारात कोसळले. मग घरचे पुन्हा साखरेचं पाणी पाजतात. म्हणजे ज्याने बीपी उतरलं, तेच परत पोटात.

होतं असं की जेवल्यावर आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. धडधाकट शरीरात त्याच वेळी हृदय थोडं जोरात चालतं, बाकीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी जागच्या जागी राहतं. वय झालं, मधुमेह जुना झाला किंवा पार्किन्सन्स असला की ही सावरासावर वेळेवर होत नाही. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा आधी १०० च्या वर असलेला ९० च्या खाली गेला, तर डॉक्टर त्याला पोस्टप्रॅन्डियल हायपोटेन्शन म्हणतात. सगळ्यात खोल उतार बहुधा अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत दिसतो. आणि हो, ज्यांना एरवी हाय बीपी आहे त्यांनाही हे होतं, किंबहुना त्यांच्यात बऱ्यापैकी आढळतं. "मला तर बीपी जास्तच असतं, कमी कसं होईल" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

तरुणांची गोष्ट वेगळी. रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला, उन्हात, रक्त पाहून किंवा रक्तदानानंतर जे कोसळतात त्यांच्या बाबतीत पाणी कमी पडणं, पोट रिकामं असणं आणि फार वेळ उभं राहणं ही तीन कारणं बहुतेक वेळा हातात हात घालून येतात. त्यांच्यासाठी पाण्याचा आणि मिठाचा टप्पा महत्त्वाचा. जेवणानंतरच्या मोजणीची त्यांना सहसा गरज पडत नाही.

## सुरुवात करण्याआधी: हे घरी सोडवायचं काम आहे ना?

पुढचं काहीही करण्याआधी ही यादी वाचा. यातलं एकही लागू होत असेल तर ताट-पाणी बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ईसीजी आधी, बाकी नंतर.

- भोवळ जिना चढताना, धावताना, ओझं उचलताना आली
- बसल्या किंवा झोपल्या जागी, काही पूर्वसूचना न देता शुद्ध गेली
- आधी छातीत दुखलं, धडधडलं किंवा दम लागला
- शौचाला डांबरासारखं काळं होतंय किंवा उलटीत रक्त आलं
- बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला
- घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेलं आहे
- गरोदरपण आहे, किंवा पडून डोक्याला मार बसला आहे
- घास किंवा पाण्याचा घोट गिळतानाच अंधारी येते

शेवटचा प्रकार दुर्मीळ आहे, पण लोक त्याला "ठसका लागला" म्हणून सोडून देतात. गिळताना हृदयाचे ठोके एकदम मंदावल्याने असं होऊ शकतं. त्यावर आहार बदलून काही साधत नाही.

आणखी एक फरक आधीच करून घ्या. खोली गरगर फिरत असेल, कूस बदलताना फिरत असेल, तर ते बहुधा कानाचं दुखणं आहे. डोळ्यापुढे काळोख, कानात दडे, घाम, हातपाय गळून जाणं आणि आडवं झाल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटणं, हा बीपी उतरल्याचा नमुना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर उतरल्याची शक्यता ग्लुकोमीटरने तपासावी. आकडा ७० च्या खाली असेल तर तिथे साखरच द्यायची. साखर उतरलेला माणूस नुसता आडवा केल्याने सुधारत नाही, ही घरच्या घरी ओळखायची साधी खूण.

## टप्पा १: तयारी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन, वही, घड्याळ, आणि मोजणीच्या दिवशी दोन तास घरात थांबणारं एक माणूस.

मनगटावरचं मशीन या कामाला घेऊ नका. हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो, आणि आपल्याला शोधायचा आहे तो वीसेक आकड्यांचा फरक. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो, पण पट्ट्यावरची खूण पाहा आणि घरातल्या शिवणाच्या टेपने दंड मोजा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो.

वहीत पहिल्या पानावर सगळ्या गोळ्या लिहा, वेळेसकट. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या, हृदयाच्या, झोपेच्या, पार्किन्सन्सच्या, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. नाव नसेल येत तर पत्ता चिकटवा. हे पान पुढे सगळ्यात उपयोगी पडतं, म्हणून कंटाळा करू नका.

तपासा: नाडी अनियमित असेल, म्हणजे मधेच ठोका चुकत असेल, तर आपोआप चालणारं मशीन भरवशाचं राहत नाही. अशांनी ही मोजणी दवाखान्यात करून घ्यावी.

## टप्पा २: मोजणी. ताट बदलायच्या आधी

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. भोवळ येते म्हणून आधी आहार बदलतात, मीठ वाढवतात, मग कधीतरी मोजतात, आणि तेही सकाळी उठल्यावर चहाच्या आधी. त्या वेळचा आकडा चांगलाच असतो. मग "बीपी तर नॉर्मल आहे" म्हणून विषय बंद. जेवल्यावर उतरणारं बीपी जेवल्यावरच सापडणार.

ज्या जेवणानंतर त्रास होतो तेच जेवण निवडा. ठाऊक नसेल तर सकाळचा नाश्ता घ्या, कारण उतार बऱ्याच जणांना सकाळी आणि दुपारी जास्त असतो, रात्री कमी. त्या दिवशी नेहमी खाता तेच, तेवढंच खा. परीक्षा आहे म्हणून साधं खाल्लंत तर परीक्षाच वाया. गोळ्याही रोजच्या वेळी घ्या.

क्रम असा:

1. लघवीला जाऊन या. जेवणाआधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, सिगरेट, जिना नको.
2. पाठ टेकवून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्यांवर चिडायचं नाही.
3. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा. हा तुमचा आरंभीचा आकडा.
4. पहिल्या घासाची वेळ लिहा. मोजणीचं घड्याळ इथून सुरू होतं, हात धुतल्यापासून नाही.
5. त्यानंतर १५, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी मोजा. सगळा वेळ बसूनच. आडवं झालात तर उतार झाकला जाईल.
6. प्रत्येक आकड्यापुढे वाटतं काय ते एका शब्दात लिहा: ठीक, जड, अंधारी, घाम, झोप.

एका नमुना नोंदीत हे कसं दिसतं पाहा. नाश्ता शिरा, केळं आणि गोड चहा. बीपीची गोळी नाश्त्याबरोबर.

आधी: १४२/८०, ठीक
१५ मिनिटं: १३४/७६, ठीक
३० मिनिटं: ११८/६८, झोप
४५ मिनिटं: १०८/६२, डोकं हलकं
६० मिनिटं: ११२/६४, झोप
९० मिनिटं: १२६/७२, ठीक
१२० मिनिटं: १३६/७८, ठीक

यातला एकही आकडा बघून कोणी घाबरणार नाही. १०८ हे एरवी छानच. पण १४२ वरून १०८, म्हणजे ३४ ची घसरण, आणि तीही नेमकी अंघोळीला उठायच्या वेळेला. जेवल्यावर येणारी गुंगी आपण "जेवण अंगावर आलं" म्हणून हसण्यावारी नेतो. या नोंदीत ती गुंगी आणि घसरण एकाच रांगेत आहेत.

सावध: वरचा आकडा ९० च्या खाली गेला किंवा अंधारी आली तर मोजणी तिथेच थांबवा, आडवं व्हा, पाय उशीवर घ्या. आकडे पूर्ण करण्यासाठी बसून राहू नका.

वेगळ्या दिवशी सकाळी दुसरी मोजणी करा. पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. शेजारी माणूस उभं हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी उतरण्याचाही त्रास आहे. जेवण आणि उभं राहणं एकत्र आलं की दोन्ही उतारांची बेरीज होते. पाटावर मांडी घालून पंगत जेवलेले आजोबा हात धुवायला झटकन उठतात आणि तोल जातो, तो याच बेरजेमुळे.

एका दिवसावर निकाल देऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवशी सारखंच चित्र दिसलं तर पुढे चला.

## टप्पा ३: पाणी, आणि ते जेवणाच्या आधी

साधं पाणी हे इथलं सगळ्यात स्वस्त औषध आहे, पण वेळ चुकली तर निम्मा उपयोग जातो. साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी, म्हणजे घरातले दोन मोठे पेले, तीन-चार मिनिटांत प्यायल्यावर ज्यांची स्वयंचलित मज्जासंस्था, म्हणजे हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्या आपोआप सांभाळणाऱ्या नसा, कमकुवत झाली आहे त्यांचं बीपी काही मिनिटांत चढू लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात वर जातं आणि तासभर तरी टिकतं. अशा रुग्णांत वरचा आकडा २०-३० नेही वर जाऊ शकतो. तरुण निरोगी माणसाच्या आकड्यात फारसा फरक दिसत नाही, तरी उभं राहण्याची ताकद वाढते.

म्हणून पाणी नाश्त्याच्या पाच-दहा मिनिटं आधी घ्या, एका बैठकीत. दिवसभर घोटघोट पिण्याने तहान भागते, पण हा परिणाम मिळत नाही. "जेवणाआधी पाणी पिऊ नये" हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असेल तर त्यांना नोंदवहीतले दोन दिवस शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, वादापेक्षा ते बरं.

दिवसाचं एकूण पाणी किती? वारंवार भोवळ येणाऱ्यांना सहसा दोन ते अडीच लिटर सांगतात, सगळी पेयं धरून. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची हवी. मे महिन्यात विदर्भात उन्हात राबणाऱ्याला हे पुरणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

तरुणांसाठी हाच टप्पा मुख्य. रक्तदानाला जाताना हलकं खाऊन जा आणि आधी अर्धा लिटर पाणी प्या. लांबलचक दर्शनरांग, परेड, लोकलमधला उभ्याने प्रवास, सगळ्याला हाच नियम.

सावध: हृदय कमजोर आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, रक्तातलं सोडियम कमी आहे, किंवा डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली आहे, तर हा टप्पा त्यांना विचारल्याशिवाय करू नका. आणि पाणी पिऊन लगेच आडवं होऊ नका. पडलेल्या अवस्थेत बीपी नको तितकं चढू शकतं. रात्री झोपण्याआधी अर्धा लिटर पिणं दोन कारणांनी चुकीचं, एक हे आणि दुसरं म्हणजे मध्यरात्री लघवीला उठताना पडणं. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. लाज कसली त्यात.

## टप्पा ४: ताट

बीपी कशाने उतरतं? सगळ्यात जास्त, पटकन पचणाऱ्या साखरेने आणि पिठुळ पदार्थांनी. पोटातून अन्न जितकं झपाट्याने पुढे सरकतं तितका उतार खोल. जेवण जितकं मोठं तितकाही. डाळ, अंडं, पनीर, मासे यांचा परिणाम सौम्य असतो.

आपल्या नाश्त्याकडे या नजरेने पाहिलं की हसू येतं. शिरा, गोड पोहे, ब्रेड-जॅम, बिस्किटं चहात बुडवून, वर केळं. भोवळ येणाऱ्यासाठी याहून वाईट जुळणी शोधून सापडणार नाही.

बदल एकेक करून करा, सगळे एकदम नकोत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी आकार कमी करा. तीन जेवणांची पाच-सहा करा. दुपारच्या तीन पोळ्या आणि भाताच्या ऐवजी दीड पोळी, डाळ-उसळ भरपूर, आणि भात चार वाजता दह्याबरोबर. एकूण अन्न कमी करायचं नाही, ते फक्त वाटून घ्यायचं. म्हातारपणी वजन घटणं हा वेगळाच त्रास होऊन बसतो.

मग साखर. चहातली अर्ध्यावर आणा. शिऱ्याऐवजी भाज्या घातलेला उपमा, मुगाचं धिरडं, मोडाची उसळ, अंडं. जेवताना कोशिंबीर, डाळ, उसळ आधी आणि भात-पोळी नंतर. फळ जेवणावर नको, मधल्या वेळी घ्या. आमरसाच्या जेवणाचं काय? खा, पण अर्धी वाटी आणि पुऱ्या दोन. आणि त्या दिवशी दुपारी दोन तास कुठे जायचं नाही असं आधीच ठरवून.

गरम पेयाचाही थोडा हात असतो. गरम ग्लुकोजच्या पाण्याने बीपी जास्त उतरतं, थंड दिल्यास तसं होत नाही असं तपासणीत दिसलेलं आहे. म्हणून गार जेवा असं नव्हे. पण कढत सूप, कढत चहा आणि लगेच कढत पाण्याची अंघोळ ही साखळी तोडा. अंघोळ नाश्त्याच्या आधी उरका. एवढ्या एका बदलाने न्हाणीघरातलं पडणं बरंच टळू शकतं.

तपासा: मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाचे भाग करण्याआधी डॉक्टरांशी बोला. जेवण वाटलं आणि डोस तोच राहिला तर साखर धाडकन उतरू शकते.

## टप्पा ५: जेवल्यानंतरचे दोन तास

वामकुक्षीला या माणसांच्या बाबतीत माझा पूर्ण पाठिंबा. उतार चालू असताना आडवं किंवा आरामखुर्चीत रेलून असणं सुरक्षित आहे. आम्लपित्त असेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवा. धोका झोपण्यात नसतो, उठण्यात असतो. उठताना आधी पलंगावर बसा, पोटऱ्या वीस-तीसदा आवळा-सोडा, मग उभं राहा, पलंगाला धरून थोडं थांबा, मग पाऊल टाका.

शतपावलीचं मात्र तारतम्य हवं. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलतात, त्यामुळे चालेपर्यंत बीपी धरून राहतं. थांबलं की पुन्हा उतरतं. म्हणजे बागेत छान चाललं आणि बाकावर बसताना अंधारी आली. उभ्याच्या मोजणीत मोठी घसरण दिसली असेल तर एकट्याने शतपावली नको. घरात, कुणाच्या सोबतीने, आणि शेवटी खुर्चीत हळू बसून.

या दोन तासांत टाळायच्या गोष्टी: गरम अंघोळ, उन्हात बाहेर पडणं, उकिडवं बसून कपडे धुणं, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं, दुचाकी चालवणं.

काही जणांना पोटाला बांधायचा पट्टा उपयोगी पडतो, कारण रक्त पोटातच साठत असतं. तो जेवणाआधी बांधायचा आणि आडवं होताना काढायचा. मापाचा कोणता हे डॉक्टरांकडून घ्या.

## टप्पा ६: मीठ. सगळ्यांनी उडी मारू नये

जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं-पापड-फरसाण सगळं आलं. आपण बहुतेक जण ती ओलांडतोच. हाय बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने भोवळ येते म्हणून मीठ वाढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

उभं राहून वारंवार कोसळणारे, बीपी मुळात कमी असलेले, बाकी तब्येत ठणठणीत असलेले तरुण, यांना डॉक्टर मीठ वाढवायला सांगू शकतात. सांगितलं असेल तर मिठाच्या गोळ्या घशाखाली ढकलण्यापेक्षा मीठ घातलेलं ताक, आमसुलाचं सार, भाताची पेज, असं जेवणातून घ्या. पोट बिघडत नाही.

ओआरएसचं पाकीट जुलाब-उलट्यांत किंवा घामाने पाणी गेल्यावर योग्य. मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच विरघळवायचं. एका पेल्यात अख्खं पाकीट घालून "कडक" करू नका. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाठीमागचं वाचा: खऱ्या मिश्रणात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं.

## टप्पा ७: चहा, कॉफी, दारू

सकाळच्या जेवणाबरोबर कॉफी काहींना आधार देते, काहींना काहीच फरक पडत नाही. स्वतःवर मोजून बघा. संध्याकाळनंतर नको, झोप जाते.

दारूबद्दल एवढंच की ती रक्तवाहिन्या सैल करते, लघवी वाढवते आणि उभं राहिल्यावर त्या आवळायला हव्यात तेव्हा आवळू देत नाही. भोवळीचा त्रास सिद्ध झालेल्याने ती बंद करावी. लग्नातलं जड जेवण, वर दोन पेग, आणि रात्री दोन वाजता उभ्याने लघवी, हा ठरलेला अपघात आहे.

## टप्पा ८: उपवासाचे दिवस

संकष्टीला दिवसभर चहा-साबुदाण्यावर काढायचं आणि चंद्रोदयानंतर भरलं ताट, मोदकासकट. बीपीच्या दृष्टीने यात दोन खड्डे आहेत. दिवसा पाणी कमी पडतं आणि रात्री एकदम मोठा, गोड भार पडतो. साबुदाणा स्वतः जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे उपवासाचं पथ्य वाटणारी खिचडीही उतारच देते.

उपवास करायचाच असेल तर भगर आणि दाण्याची आमटी, ताक, राजगिरा, दही असं थोडं थोडं चार वेळा. खिचडी अर्धी वाटी. सैंधव हेही मीठच, ते वेगळं धरू नका. रात्री उपवास सोडताना आधी पाणी, मग आमटी आणि एक मोदक; उरलेलं ताट तासा-दीड तासाने. रोजा सोडतानाही हीच रीत: खजूर आणि पाणी, मग थांबा, मुख्य जेवण नंतर.

निर्जळी, हरतालिकेची किंवा दुसरी कोणतीही, भोवळ येणाऱ्याने करू नये. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तर नाहीच.

## टप्पा ९: गोळ्यांची वेळ

नमुना नोंदीत गोळी नाश्त्याबरोबर होती, आठवतं? गोळीचा जोर आणि जेवणाचा उतार एकाच तासात आले. डॉक्टर कधी वेळ सरकवतात, कधी डोस बदलतात. हा निर्णय तुमचा नाही. एक कमी आकडा दिसला म्हणून गोळी परस्पर बंद करणं मला जेवणानंतरच्या भोवळीइतकंच धोक्याचं वाटतं. नोंद दाखवा आणि नेमकं विचारा: "ही गोळी जेवणापासून लांब घेतली तर चालेल का?"

## तरीही अंधारी आलीच तर

उभे असाल तर लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा. गर्दीत तेही जमत नसेल तर पायांची कात्री करून मांड्या आणि ढुंगणाचे स्नायू घट्ट आवळा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा. काही सेकंद मिळतात, तेवढ्यात जागा शोधा.

दुसरं कोणी कोसळलं तर त्याला उताणं झोपवा, पाय उचलून धरा, गळ्याचं-कमरेचं सैल करा, वारा येऊ द्या. धरून बसवू नका. भोवतीच्या चार जणांनी मिळून बसतं केल्याने मेंदूकडचं रक्त आणखी कमी होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कांदा आणि चप्पल जागच्या जागी राहू द्या. मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, श्वास नीट नाही किंवा छातीत दुखतंय म्हणाले, तर १०८ ला फोन. श्वासच थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः पेला धरता येईल तेव्हा साधं पाणी. त्यानंतर लगेच उठवायची घाई नको, दहा-पंधरा मिनिटं पडू द्या.

## पुन्हा मोजणी

दोन आठवड्यांनी टप्पा २ तसाच्या तसा करा: तीच वेळ, तीच खुर्ची, तोच हात. फरक असेल तर वहीत दिसेल. घसरण अजून वीसच्या वर असेल आणि त्रासही होत असेल, तर आता औषधाचा विचार डॉक्टर करतील. पिठुळ पदार्थांचं पचन लांबवणारी, मधुमेहात वापरली जाणारी अकार्बोज ही गोळी काहींना यासाठी देतात. ती पोटात गॅस करते, त्यामुळे सगळ्यांना मानवत नाही.

जाताना दोन्ही वेळच्या नोंदी, गोळ्यांचं पान आणि स्वतःचं मशीन पट्ट्यासकट घेऊन जा. दवाखान्यातल्या उपकरणाशी ते तिथेच ताडून घेता येतं, आणि आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघतो.